अधिस्वीकृतीसाठी अध्ययनाचा पुरावा कसा उभा करावा: विद्यापीठातील विभागांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

स्वयंमूल्यमापन अहवालाची तारीख जवळ आली की अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाकडून, म्हणजे आयक्यूएसीकडून, सगळ्या विभागांना एक पत्र जाते: पाच वर्षांच्या अध्ययन निष्पत्ती (शिकून झाल्यावर विद्यार्थी काय करू शकेल याची विधाने), त्यांचे मॅपिंग (परस्परांशी जोडणी) आणि अटेनमेंटचे (त्या किती साध्य झाल्या याचे) तक्ते आठ दिवसांत सादर करावेत. विभाग ते सादरही करतात. तक्ते नीटनेटके असतात, आकडे चांगले असतात, तरी पडताळणीत किंवा पीअर टीमसमोर, म्हणजे भेटीला येणाऱ्या तज्ज्ञ समितीसमोर, ते टिकत नाहीत, कारण ही कामे ज्या क्रमाने व्हायला हवी होती त्याच्या उलट्या क्रमाने ती उरकलेली असतात. आधी आकडा ठरतो, मग त्याला जुळणारे गुण शोधले जातात आणि निष्पत्ती सगळ्यांत शेवटी लिहिली जाते.

नॅकला, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेला, विद्यापीठाकडून मुळात दोन गोष्टी समजून घ्यायच्या असतात. विद्यार्थी नेमके काय शिकला हे विद्यापीठाला कसे कळते, आणि तो शिकला नाही असे कळल्यावर विद्यापीठ काय बदलते. पहिल्या प्रश्नाचे अर्धेमुर्धे उत्तर बहुतेक विभागांकडे असते. दुसऱ्याचे उत्तर द्यायची वेळ आली की फाईल संपते. पुढील सर्व टप्पे त्या दुसऱ्या उत्तरापर्यंत पोहोचण्यासाठी आहेत.

## सुरुवातीपूर्वीची तयारी

सर्वांत आधी चालू नियमावली हाती घ्यावी. श्रेणी-पद्धतीच्या नियमावलीत एकूण १००० गुणांपैकी ‘अध्यापन, अध्ययन व मूल्यमापन’ या दुसऱ्या निकषाला विद्यापीठांसाठी २००, स्वायत्त महाविद्यालयांसाठी ३०० आणि संलग्न महाविद्यालयांसाठी ३५० गुण आहेत. परिषदेने जानेवारी २०२४ मध्ये श्रेणीऐवजी ‘अधिस्वीकृत’ किंवा ‘अधिस्वीकृत नाही’ अशा द्विस्तरीय पद्धतीकडे जाण्याचे जाहीर केले आहे. त्यामुळे एखाद्या सहकाऱ्याच्या पेनड्राइव्हमधली जुनी पीडीएफ वापरू नये. परिषदेच्या संकेतस्थळावरून आपल्या प्रकारच्या संस्थेसाठी लागू असलेली नियमावली उतरवून घ्यावी आणि तिच्या पहिल्या पानावर उतरवल्याची तारीख लिहून ठेवावी. या लेखातील क्रमांक श्रेणी-पद्धतीच्या नियमावलीतील आहेत. मापदंडांचे क्रमांक आणि शब्द बदलतील, पण त्यांच्यासाठी लागणारा पुरावा त्याच जातीचा राहील.

दुसरी तयारी माणसांची. प्रत्येक विभागातून एक समन्वयक असतोच; परंतु परीक्षा विभागातील एक जबाबदार अधिकारी या गटात पहिल्या बैठकीपासून हवा. कारण अगदी व्यावहारिक आहे. अटेनमेंट काढायला प्रश्ननिहाय गुण लागतात, आणि परीक्षा विभागाच्या संगणकात बहुधा विषयाचे एकूण गुणच नोंदलेले असतात. प्रश्ननिहाय गुण उत्तरपत्रिकेच्या मुखपृष्ठावरील चौकटीत असतात, आणि जतन करण्याची मुदत संपली की उत्तरपत्रिका रद्दीत जातात. ऑनस्क्रीन मूल्यांकन करणाऱ्या विद्यापीठांत ही माहिती प्रणालीतच असते, मात्र ती विभागाला द्यायची असा निर्णय कोणीतरी घ्यावा लागतो. परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या बैठकीत तसा ठराव करून घेतल्याशिवाय पुढचे कोणतेही काम सुरू करू नये.

पडताळणी: गेल्या सत्रातील कोणत्याही एका विषयाचे प्रश्ननिहाय गुण परीक्षा विभागाकडून मागवून पाहावेत. ते मिळाले नाहीत, तर पाच वर्षांचे अटेनमेंट तुम्ही कशावरून काढणार आहात, हा प्रश्न आत्ताच स्वतःला विचारावा.

## टप्पा १: अभ्यासक्रमाच्या निष्पत्ती निश्चित करणे

अभ्यासक्रम पूर्ण करून बाहेर पडणारा विद्यार्थी काय करू शकेल, हे सांगणारी पाच ते आठ विधाने म्हणजे अभ्यासक्रमाच्या निष्पत्ती. रोजच्या बोलण्यात आपण त्यांना पीओ म्हणतो. अभियांत्रिकीसाठी राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळाने, म्हणजे एनबीएने, त्या ठरवूनच दिल्या आहेत, त्यामुळे तिथे शोधाशोध नाही. इतर विद्याशाखांत विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रसिद्ध केलेले निष्पत्ती-आधारित अभ्यासक्रम आराखडे पायाभूत धरता येतात, परंतु ते जसेच्या तसे चिकटवणे ही चूक आहे. दुसऱ्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उचललेल्या निष्पत्ती तर लगेच ओळखू येतात, कारण त्यांत अशा कौशल्यांचा उल्लेख असतो ज्यांसाठी तुमच्या विभागात एकही विषय शिकवला जात नाही.

विधान लिहिल्यावर एक कसोटी लावावी: हे साध्य झाले नाही तर ते आपल्याला कुठल्या परीक्षेत, प्रकल्पात किंवा प्रात्यक्षिकात दिसेल? ‘विद्यार्थी जबाबदार नागरिक बनेल’ या विधानाला उत्तर नसेल, तर एकतर त्यासाठी क्षेत्रकार्य, समुदाय प्रकल्प असे मोजता येणारे काम अभ्यासक्रमात आणावे, किंवा ते विधान विभागाच्या ध्येयवाक्यात ठेवावे.

## टप्पा २: विषयाच्या निष्पत्ती लिहिणे

येथे वेळ द्यावा, कारण पुढची सगळी आकडेमोड याच वाक्यांवर उभी राहते. एका विषयाला चार ते सहा निष्पत्ती पुरतात. प्रत्येक वाक्यात एकच क्रियापद असावे आणि ते क्रियापद असे असावे की ती क्रिया झाली की नाही हे परीक्षकाला पाहता येईल. ‘समजेल’, ‘माहिती होईल’, ‘जाणीव निर्माण होईल’ ही क्रियापदे टाळावीत. ‘तुलना करील’, ‘गणन करील’, ‘कारणांसह निष्कर्ष लिहील’, ‘आराखडा तयार करील’ ही वापरावीत. ब्लूमच्या वर्गवारीतील स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन आणि नवनिर्मिती या सहा पातळ्यांपैकी कोणत्या पातळीवर आपण आहोत, ते प्रत्येक वाक्यापुढे नोंदवावे.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. पर्यावरणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाला ‘पाण्याच्या गुणवत्तेचे परीक्षण’ हा चार श्रेयांकांचा विषय आहे असे समजा. अशा विषयाला नेहमी लिहिली जाणारी निष्पत्ती अशी असते: ‘विद्यार्थ्यांना पाण्याच्या गुणवत्तेची माहिती होईल.’ या वाक्यावर प्रश्न काढता येत नाही आणि गुणही मोजता येत नाहीत. त्याऐवजी चार निष्पत्ती अशा लिहिता येतील:

१. पाण्याच्या भौतिक, रासायनिक व जैविक घटकांचे महत्त्व विद्यार्थी उदाहरणांसह स्पष्ट करील.
२. दिलेल्या जलस्रोतासाठी नमुना संकलनाचा आराखडा तयार करील.
३. विंकलर पद्धतीने विरघळलेल्या ऑक्सिजनचे प्रमाण ठरवील.
४. चाचणीच्या निकालांची आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकाशी तुलना करून पाणी पिण्यायोग्य आहे की नाही याबद्दल कारणांसह निष्कर्ष लिहील.

शिक्षकाने लिहिलेल्या या निष्पत्ती अभ्यास मंडळापुढे, तेथून विद्याशाखेपुढे आणि मग विद्यापरिषदेपुढे मंजूर व्हाव्या लागतात. मंजुरीनंतरच त्या संकेतस्थळावर आणि सत्राच्या पहिल्या तासाला विद्यार्थ्यांच्या हाती जाव्यात. नॅकचा २.६.१ हा मापदंड निष्पत्ती लिहिल्या आहेत का एवढेच विचारत नाही. त्या जाहीर केल्या का आणि शिक्षक-विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवल्या का, हेही विचारतो.

इशारा: तारखांचा क्रम तपासावा. अभ्यास मंडळाच्या इतिवृत्ताची तारीख विद्यापरिषदेच्या बैठकीनंतरची निघाली, तर त्या एका कागदामुळे बाकीच्या सगळ्या फायलींवरचा विश्वास जातो. अशी विसंगती मी एकदा आमच्याच तयारीत अहवाल पाठवण्याच्या आदल्या संध्याकाळी पाहिली आहे, आणि त्या रात्री ती दुरुस्त करण्याचा कोणताही प्रामाणिक मार्ग उरलेला नव्हता. तो विषय अहवालातून वगळावा लागला.

## टप्पा ३: मॅपिंग

विषयाची प्रत्येक निष्पत्ती अभ्यासक्रमाच्या कोणत्या निष्पत्तीला किती हातभार लावते, हे ३, २, १ किंवा रिकामी चौकट अशा खुणांनी दाखवणे म्हणजे मॅपिंग. काम तासाभराचे आहे, पण ते एकट्याने करू नये. तो विषय शिकवणारे दोन शिक्षक आणि त्यानंतरच्या सत्राचा विषय शिकवणारा एक शिक्षक यांनी मिळून करावे, आणि जिथे ३ दिला तिथे एका ओळीत कारण लिहावे.

इशारा: सगळ्या चौकटींत ३ भरलेला तक्ता म्हणजे मॅपिंग केलेच नाही अशी कबुली होय. रिकाम्या चौकटींची भीती बाळगू नये. एका विषयाने अभ्यासक्रमाच्या सगळ्या निष्पत्ती पेलायच्या नसतात.

## टप्पा ४: प्रश्नपत्रिका निष्पत्तीशी जोडणे

पुष्कळ विभागांची गाडी इथेच अडते. प्रश्नपत्रिका आधीच होऊन गेलेली असते आणि नंतर एखादा सहायक प्राध्यापक तिच्या प्रत्येक प्रश्नापुढे पेनाने निष्पत्तीचा क्रमांक लिहीत बसतो. त्यातून एखाद्या निष्पत्तीवर प्रश्नच नव्हता हे उघड होते आणि मग कुठलातरी प्रश्न ओढूनताणून तिच्या नावावर टाकला जातो.

योग्य क्रम असा आहे. प्रश्नपत्रिका काढण्यापूर्वी तिचा आराखडा तयार करावा, ज्यात कोणत्या निष्पत्तीवर किती गुणांचे प्रश्न असतील आणि ते कोणत्या पातळीचे असतील हे लिहिलेले असेल. हा आराखडा प्रश्नपत्रिका काढणाऱ्याला नियुक्तीपत्रासोबत जावा. प्रश्नांपुढे निष्पत्तीचा क्रमांक छापलेला असावा. चौथ्या निष्पत्तीवर ‘पिण्याच्या पाण्याच्या मानकांवर टीप लिहा’ हा प्रश्न चालणार नाही, कारण तो स्मरणाचा प्रश्न आहे आणि निष्पत्ती मूल्यमापनाची आहे. त्याऐवजी असा प्रश्न हवा: ‘एका विहिरीच्या पाण्यात प्रतिलिटर ७८० मिलिग्रॅम विरघळलेले घन पदार्थ आणि ६० मिलिग्रॅम नायट्रेट आढळले, सामू ७.४ आहे. गावात दुसरा स्रोत नाही. हे पाणी पिण्यास द्यावे का, ते कारणांसह लिहा.’ ज्याला मानक नुसते पाठ आहे तो ५०० हा घन पदार्थांचा आकडा ओलांडला म्हणून थांबेल. ज्याला ते वापरता येते तो सांगेल की दुसरा स्रोत नसल्यास घन पदार्थांना २००० मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे आणि सामूही ६.५ ते ८.५ या मर्यादेत आहे, पण नायट्रेटला ४५ च्या वर सवलत नाही, म्हणून पाणी देता येणार नाही. या दोन उत्तरांतला फरक गुणांत दिसला, तरच निष्पत्ती मोजली गेली असे म्हणता येईल.

पर्यायी प्रश्नांचा प्रश्न वेगळा हाताळावा लागतो. ‘खालीलपैकी कोणतेही चार सोडवा’ ही आपल्याकडची जुनी सवय अटेनमेंटचा पाया पोखरते, कारण अवघड निष्पत्तीवरचा प्रश्न विद्यार्थी सरळ सोडून देतात. अशा वेळी ज्यांनी प्रश्न सोडवला त्यांचीच टक्केवारी काढली तर ती फसवी उंच येते. सगळ्या वर्गाने भागले तर फसवी खाली येते. उपाय प्रश्नपत्रिकेतच आहे: पर्याय द्यायचा तो एकाच निष्पत्तीच्या आत द्यावा, म्हणजे विद्यार्थ्याने कोणताही प्रश्न निवडला तरी निष्पत्ती सुटत नाही. जुन्या प्रश्नपत्रिकांसाठी मात्र प्रश्न किती जणांनी सोडवला ही संख्या तक्त्यात वेगळ्या रकान्यात दाखवावी. ती लपवू नये.

पडताळणी: अंतर्गत चाचण्या, प्रात्यक्षिक आणि सत्रान्त परीक्षा मिळून प्रत्येक निष्पत्ती किमान दोनदा मोजली गेली आहे का, हे आराखड्यावरच तपासावे.

## टप्पा ५: अटेनमेंट काढणे

लक्ष्य सत्राच्या आरंभी ठरवावे आणि त्याची नोंद विभागीय बैठकीच्या इतिवृत्तात असावी. निकाल हाती आल्यावर ठरवलेल्या लक्ष्याला अर्थ नाही.

आपल्या उदाहरणात ४० विद्यार्थी आहेत असे धरू. विभागाने आधी ठरवले की त्या निष्पत्तीच्या प्रश्नांत ६० टक्के गुण मिळवणाऱ्याने ती साध्य केली असे मानायचे. असे विद्यार्थी वर्गाच्या ६० टक्के असतील तर पातळी १, ७० टक्के असतील तर २, ८० टक्के असतील तर ३, आणि ६० टक्क्यांहून कमी असतील तर शून्य.

निकाल असा लागला: पहिली निष्पत्ती ३४ जणांनी साध्य केली, म्हणजे ८५ टक्के, पातळी ३. दुसरी २९ जणांनी, ७२.५ टक्के, पातळी २. तिसरी ३१ जणांनी, ७७.५ टक्के, पातळी २. चौथी २२ जणांनी, ५५ टक्के, पातळी शून्य.

आता हे लक्षात घ्यावे की याच विषयात ४० पैकी ३८ विद्यार्थी उत्तीर्ण झालेले असू शकतात. निकाल ९५ टक्के, आणि तरी पाण्याच्या अहवालावरून निष्कर्ष काढणे, म्हणजे ज्या कामासाठी उद्या यांना नोकरीवर घेतले जाणार ते काम, जवळजवळ निम्म्या वर्गाला येत नाही. उत्तीर्णांची टक्केवारी २.६.३ या मापदंडात द्यायची असते आणि ती द्यावीच, परंतु २.६.२ मध्ये तीच टक्केवारी अटेनमेंट म्हणून मांडणाऱ्या विभागांना अटेनमेंट म्हणजे काय हे समजलेले नाही असेच पाहणाऱ्याचे मत होते.

प्रत्यक्ष मोजमापाला सत्राअखेरच्या सर्वेक्षणाची अप्रत्यक्ष जोड दिली जाते. तिचे प्रमाण विद्यापीठाने ठरवायचे असते. ८० टक्के प्रत्यक्ष आणि २० टक्के अप्रत्यक्ष ही विभागणी बऱ्याच ठिकाणी वापरली जाते. समजा, सर्वेक्षणात चारही निष्पत्तींना पातळी ३ मिळाली. मग दुसऱ्या निष्पत्तीचे अटेनमेंट २ गुणिले ०.८ अधिक ३ गुणिले ०.२, म्हणजे २.२ होते, तिसऱ्याचेही २.२, चौथीचे ०.६. आपल्याला चौथी गोष्ट जमते असे विद्यार्थ्यांना वाटते आणि परीक्षेत ती जमत नाही. हा विरोध लपवण्यासारखा नाही. पुढच्या टप्प्यात शोध कुठून सुरू करायचा, ते त्यानेच दाखवून दिले आहे.

यावरून अभ्यासक्रमाच्या निष्पत्तीपर्यंत जाताना साधी सरासरी काढू नये; मॅपिंगचे भार लावावेत. ‘विश्लेषण क्षमता’ या निष्पत्तीला दुसरीचा भार १, तिसरीचा २ आणि चौथीचा ३ असेल, तर (१ × २.२ + २ × २.२ + ३ × ०.६) भागिले ६, म्हणजे १.४ येते. साध्या सरासरीने सुमारे १.६७ आले असते. भार लावल्यावर आकडा खाली आला, कारण जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची होती तीच सर्वांत कमी साध्य झाली होती.

इशारा: प्रत्येक विषयाचे, प्रत्येक वर्षाचे अटेनमेंट २.६ ते २.८ च्या दरम्यान येत असेल, तर गणनेत चूक आहे किंवा लक्ष्य फार खाली ठेवले आहे. खऱ्या वर्गाचे आकडे इतके सारखे नसतात.

## टप्पा ६: उणीव, कारण, कृती आणि पुन्हा मोजणी

हाच टप्पा विद्यापीठाची शिकवण्याशी असलेली बांधिलकी दाखवतो, आणि याच टप्प्याचा कागद सर्वांत कमी वेळा सापडतो. बहुतेक इतिवृत्तांत एवढेच वाक्य असते: ‘अटेनमेंटबाबत चर्चा झाली व समाधान व्यक्त करण्यात आले.’

याऐवजी इतिवृत्त असे असावे. चौथ्या निष्पत्तीची पातळी शून्य आल्याची नोंद. त्यानंतर कारण शोधण्यासाठी कोणी काय केले: दोन शिक्षकांनी कमी गुण पडलेल्या १८ उत्तरपत्रिकांतील तो प्रश्न पुन्हा वाचला आणि ११ जणांनी मानकाचे आकडे अचूक लिहूनही सवलत असलेले व नसलेले घटक वेगळे केले नाहीत असे आढळले. मग कारण: प्रात्यक्षिकाच्या वहीत निष्कर्षाची जागा दोन ओळींची आहे आणि सत्रभर तिथे ‘पाणी पिण्यायोग्य आहे’ इतकेच लिहून चालले. मग कृती: पुढील वर्षापासून प्रत्येक प्रयोगाला एक पानाचा निष्कर्ष-अहवाल, त्याला पाच गुण, आणि दोन तास परिसरातील विहिरींच्या खऱ्या अहवालांवर चर्चा. कोण करणार आणि केव्हापर्यंत, हे नावानिशी. शेवटी पुढच्या वर्षीच्या बैठकीत त्याच निष्पत्तीचा नवा आकडा.

नवा आकडा वाढला नाही तरी तो लिहावा. एका वर्षी ५५ आणि दुसऱ्या वर्षी ५८ टक्के आले, म्हणून विभागाने तिसऱ्या वर्षी उपाय बदलला, ही नोंद ५५ वरून थेट ९० वर गेलेल्या तक्त्यापेक्षा जास्त विश्वास निर्माण करते, आणि विद्यार्थ्यांच्या दृष्टीनेही तीच खरी आहे.

जो बदल विभागाच्या अधिकारात नाही, उदाहरणार्थ गुणविभागणी किंवा विषयाचा आशय, तो अभ्यास मंडळाकडे लेखी पाठवावा. अभ्यास मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘अटेनमेंट अहवालावरून आलेल्या शिफारशी’ असा कायमचा विषय ठेवला की हा दुवा आपोआप जुळतो.

पडताळणी: पाच वर्षांतील किमान तीन उदाहरणे अशी हवीत की ज्यांत उणीव, कारण, कृती आणि पुन्हा मोजणी हे चारही कागद वेगवेगळ्या, क्रमाने जाणाऱ्या तारखांचे आहेत. ती नसतील तर पन्नास विषयांचे तक्ते जोडण्यापूर्वी तीन विषय नीट करावेत.

## टप्पा ७: वर्गातील पूरक पुरावा

दुसऱ्या निकषातील बाकीचे मापदंड याच साखळीला जोडून घ्यावेत, म्हणजे त्यांसाठी वेगळी धावपळ होत नाही. संथ गतीने आणि जलद गतीने शिकणाऱ्यांची निवड प्रवेशाच्या गुणांवरून एकदाच न करता पहिल्या अंतर्गत चाचणीनंतर निष्पत्तीनिहाय करावी. एकच विद्यार्थी एका निष्पत्तीत पुढे आणि दुसऱ्या निष्पत्तीत मागे असू शकतो. उपचारात्मक वर्गाच्या हजेरीपटावर तो वर्ग कोणत्या निष्पत्तीसाठी घेतला ते लिहावे. मार्गदर्शक शिक्षकाच्या वहीत ‘समुपदेशन केले’ एवढीच नोंद नसावी. विद्यार्थ्याची अडचण आणि ठरलेली गोष्ट दोन वाक्यांत असावी, मात्र त्याची खासगी माहिती फायलीत जाणार नाही याची काळजी घ्यावी. अनुभवाधारित अध्ययनाची छायाचित्रे स्थळ-दिनांकासह ठेवावीत, परंतु क्षेत्रभेटीनंतर विद्यार्थ्याने लिहिलेला, शिक्षकाने तपासलेला आणि लाल शाईच्या शेऱ्यांसह परत दिलेला एक अहवाल अशा वीस छायाचित्रांपेक्षा मोलाचा असतो.

विद्यार्थी समाधान सर्वेक्षण नॅक स्वतः करते आणि विद्यार्थ्यांशी थेट ई-मेलने संपर्क साधते. आपले काम फक्त अचूक यादी देण्याचे आहे. प्रवेशाच्या वेळी सायबर कॅफेवाल्याने भरलेला ई-मेल अनेकांच्या अर्जात तसाच राहिलेला असतो. तो सर्वेक्षणाच्या दोन महिने आधी विद्यार्थ्यांकडून दुरुस्त करून घ्यावा. उत्तरे काय द्यावीत हे विद्यार्थ्यांना सांगू नये. ते अयोग्य आहे, आणि विद्यार्थी ते सर्वांना सांगतात.

## टप्पा ८: अहवाल आणि डीव्हीव्ही (माहितीची पडताळणी)

श्रेणी-पद्धतीच्या नियमावलीनुसार संस्थेची पात्रता माहिती, म्हणजे आयआयक्यूए, स्वीकारली गेल्यावर अहवाल सादर करायला ४५ दिवस मिळतात. या दिवसांत पुरावा तयार करायचा नसतो. तयार असलेला निवडायचा आणि मांडायचा असतो.

गुणात्मक मापदंडाच्या मजकुरात विशेषणे काढून टाकावीत. ‘विद्यापीठ विद्यार्थिकेंद्री अध्यापनास कटिबद्ध आहे’ हे वाक्य शब्दमर्यादा खाते आणि काहीच सांगत नाही. आपली पद्धत चार वाक्यांत, एक पूर्ण उदाहरण आकड्यांसह सहा-सात वाक्यांत, आणि मग दुवे, अशी मांडणी पुरते. संख्यात्मक मापदंडांत विद्यार्थिसंख्या, मंजूर शिक्षकपदे, अभ्यासक्रमांची संख्या असे आकडे अनेक तक्त्यांत पुन्हा पुन्हा येतात. एका तक्त्यात पुनर्प्रवेशित विद्यार्थी धरले आणि दुसऱ्यात नाही, एवढ्यावरून डीव्हीव्हीत स्पष्टीकरण मागवले जाते. म्हणून असे सर्व आकडे एकाच कागदावर, त्यांच्या व्याख्येसह, कुलसचिव कार्यालयाकडून प्रमाणित करून घ्यावेत आणि प्रत्येक तक्ता त्या कागदावरूनच भरावा.

पडताळणी: अहवालातील प्रत्येक दुवा विद्यापीठाबाहेरच्या संगणकावर, लॉगइन न करता उघडून पाहावा. आपल्या कार्यालयातल्या संगणकावर उघडणारा दुवा बाहेर उघडेलच असे नाही.

## टप्पा ९: पीअर टीमची भेट

भेटीच्या आधी शिक्षकांची रंगीत तालीम घेण्यापेक्षा प्रत्येक विभागाने एक विषय निवडून त्याचा माग एका जाड फाईलीत लावावा: मंजूर निष्पत्ती, मॅपिंग, प्रश्नपत्रिकेचा आराखडा, प्रश्नपत्रिका, उत्तम, मध्यम व कमकुवत अशा तीन उत्तरपत्रिकांच्या नावे झाकलेल्या प्रती, गणनेचा तक्ता, बैठकीचे इतिवृत्त आणि पुढील वर्षीची बदललेली प्रश्नपत्रिका. समितीने कोणत्याही पानावर बोट ठेवले, तरी त्याच्या आधीचे आणि नंतरचे पान दाखवता आले पाहिजे.

समिती विद्यार्थ्यांशी शिक्षकांच्या अनुपस्थितीत बोलते. ‘या सत्रात तुम्ही काय करायला शिकलात’ असा साधा प्रश्न तिथे येऊ शकतो. त्याचे उत्तर विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेऊ नये. सत्राच्या पहिल्या तासाला निष्पत्ती सांगितल्या असतील, प्रश्नपत्रिकेवर त्यांचे क्रमांक छापलेले असतील आणि चाचणीनंतर ‘तुझी चौथी निष्पत्ती कच्ची आहे, हा अहवाल पुन्हा लिही’ असे शिक्षकाने म्हटले असेल, तर विद्यार्थी आपल्या शब्दांत नीट सांगतो.

समितीने निरोपाच्या बैठकीत सांगितलेल्या उणिवा त्याच आठवड्यात विभागनिहाय वाटून द्याव्यात आणि त्यांच्यावरील कृती वार्षिक गुणवत्ता हमी अहवालात, म्हणजे एक्यूएआरमध्ये, दरवर्षी नोंदवावी. पुढच्या सत्राच्या पहिल्या विभागीय बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर पहिला विषय मागच्या वर्षी सर्वांत कमी साध्य झालेल्या निष्पत्तीचा असावा, आणि ती बैठक वर्ग सुरू होण्यापूर्वी व्हावी.